सही करायची घाई नको

पत्र:

सुभेदार साहेबांना नमस्कार. माझे यजमान पायदळात नाईक आहेत. अकरा वर्षं सर्व्हिस झाली. गेल्या पावसाळ्यात एलओसीवर गस्त घालताना सुरुंग फुटला आणि ह्यांचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. सध्या पुण्यात आर्टिफिशियल लिंब सेंटरला आहेत, नवीन पायाने चालायचा सराव सुरू आहे. आता मेडिकल बोर्ड होणार म्हणतात. हे कोणाशी बोलत नाहीत. ‘पलटणीत आता माझं काय काम’ एवढंच म्हणतात. वॉर्डात कोणीतरी सांगितलं की स्वतःच्या मर्जीने डिस्चार्ज मागितला तर लवकर सुटका होते. तेव्हापासून तोच धोशा लावलाय. एका कागदावर ‘अपघाती दुखापत’ असं लिहिलेलं मी पाहिलं. सासरे म्हणतात, सरकार देईल ते घ्यावं, पैशाचं विचारणं बरं दिसत नाही. मी बारावी शिकलेली आहे, मला ह्यातलं काही कळत नाही. सही करू द्यावी का? घरी आल्यावर औषधपाणी, पायाची दुरुस्ती कोण बघणार? आणि ह्यांच्या मनाचं काय करू?

– एका जवानाची पत्नी, सातारा जिल्हा

उत्तर:

ताई,

सहीचं आधी सांगतो. करू देऊ नका. ‘माझ्या मर्जीने घरी जातो’ असं लिहून देणारा कुठलाही कागद असो, हिंदीत असो की इंग्रजीत, यजमानांना सांगा की पेन्शनचे कागद नोकरीभर हाताळलेल्या एका सुभेदाराने थांबायला सांगितलंय. हे आजच फोन करून सांगा. पुढचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

जवानाला नेहमीचं सर्व्हिस पेन्शन लागू व्हायला १५ वर्षं पुरी व्हावी लागतात. यजमानांची अकराच झाली आहेत. आज ते स्वतःहून बाहेर पडले तर त्या पेन्शनचा पायाच राहत नाही, आणि जखमेच्या पैशासाठी पुढे वर्षानुवर्षं अर्जविनंत्या करत बसावं लागतं. तेच बोर्डाने त्यांना अनफिट ठरवून घरी पाठवलं, म्हणजे ते बोर्ड आऊट झाले, तर ड्यूटीवरच्या जखमेसाठी सर्व्हिस किती झाली हे बघितलंच जात नाही. सर्व्हिस एलिमेंट, म्हणजे नोकरीचा भाग, मिळतो, त्यावर जखमेचा भाग मिळतो, आर्मी ग्रुप इन्शुरन्सची अपंगत्वाची रक्कम वेगळी, आणि बोर्ड आऊट झालेल्याच्या या पेन्शनवर आयकर नाही. ज्याने ‘लवकर सुटका’ सांगितली त्याने भल्यासाठीच सांगितलं असेल, पण यातलं काही सांगितलं नसणार. काही महिने लवकर घरी येण्यासाठी पुढच्या चाळीस वर्षांचं उत्पन्न सोडायचं का, याचा निर्णय माणसाने अंथरुणावर, दुखत असताना, एकट्याने घेऊ नये.

आता तुम्ही पाहिलेला तो कागद. ताई, तुम्ही म्हणता मला काही कळत नाही, पण नेमका तोच शब्द तुमच्या नजरेने टिपला. सगळ्यात मोठं नुकसान त्या शब्दात आहे.

फौजेत जखमी झालेल्याची नोंद दोन प्रकारे होते: बॅटल कॅज्युअल्टी किंवा फिजिकल कॅज्युअल्टी. घसरून पडणं, गाडीचा अपघात, खेळताना हाड मोडणं हे दुसऱ्यात जातं. एलओसीजवळच्या सुरुंगाचं तसं नाही. सुरुंग शत्रूने पेरलेला असो की आपल्याच फौजेने पेरलेला, पावसात मातीबरोबर सरकून वाटेवर आलेला असो, सीमेजवळच्या ऑपरेशनच्या इलाख्यात सुरुंगक्षेत्रातून जाताना झालेली जखम संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रात युद्धजखमेच्याच वर्गात, ‘ई’ कॅटेगरीत धरली आहे. पहिला कागद पुढच्या चौकीवर, रक्त थांबवण्याच्या धावपळीत तयार होतो. तिथे ‘अपघात’ असं लिहिलं जाणं नवं नाही आणि त्यामागे कोणाचा वाईट हेतू असतो असंही नाही. पण दुरुस्त केलं नाही तर तोच शब्द पुढच्या प्रत्येक कागदावर उतरत जातो.

त्या शब्दाची किंमत आकड्यात सांगतो. समजा पेन्शनसाठी धरला जाणारा शेवटचा पगार ४०,००० रुपये आहे आणि बोर्डाने अपंगत्व ६० टक्के ठरवलं. बोर्ड आऊट झालेल्यांच्या बाबतीत ५० ते ७५ मधला आकडा ७५ धरतात. सर्व्हिस एलिमेंट पगाराच्या निम्मा, म्हणजे २०,०००. तो दोन्हीकडे सारखाच. नोंद साध्या दुखापतीची असेल तर अपंगत्वाचा भाग शंभर टक्क्यांना पगाराच्या ३० टक्के, म्हणजे १२,०००, आणि त्याचे ७५ टक्के ९,०००. नोंद युद्धजखमेची असेल तर बोर्ड आऊट झाल्यावर शंभर टक्क्यांना पूर्ण पगार धरतात. ४०,००० चे ७५ टक्के, ३०,००० रुपये. महिन्याला २१,००० चा फरक, हयातभर, महागाई वेगळी. पाय तोच, सुरुंगही तोच.

म्हणून तीन कागद मागा. एक, जखमेचा रिपोर्ट, ज्याला आयएएफवाय-२००६ म्हणतात आणि ज्यावर सीओ साहेबांचं, म्हणजे पलटणीच्या प्रमुखांचं, मत असतं. दुसरा, कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा, म्हणजे घटनेच्या फौजी चौकशीचा, निष्कर्ष. तिसरा, पार्ट टू ऑर्डर, ज्यात कॅज्युअल्टीची नोंद छापली जाते. तिसऱ्यात ‘बॅटल कॅज्युअल्टी’ असेल तर तुम्ही पाहिलेल्या त्या कागदाची दुरुस्ती करून घेणं सोपं आहे. नसेल तर बोर्डाच्या आधी पलटणीला पत्र गेलंच पाहिजे. त्या गस्तीत बरोबर असलेले गडी आज पलटणीत आहेत, सीओ साहेबांनी स्वतः घटना पाहिली किंवा ऐकली आहे. दोन वर्षांनी पोस्टिंगमुळे सगळे पांगतात, मग साक्ष द्यायला माणूस शोधावा लागतो.

बोर्डाचं म्हणाल तर तिथे आपल्या जवानाची सवयच त्याचं नुकसान करते. टेबलापलीकडे डॉक्टर साहेब बसलेले असतात. समोर हा कुबडी काखेत धरून होईल तेवढा ताठ उभा. विचारतात, ‘कैसे हो?’ आणि याच्या तोंडून निघतं, ‘ठीक हूँ सर.’ अकरा वर्षं प्रत्येक परेडला हेच उत्तर दिलंय. रात्री तीनला घामाने भिजून उठतो, डाव्या कानात शिट्टी वाजत राहते, फुटल्यापासून त्या कानाने फोन ऐकू येत नाही, एका पायावर भार टाकून कंबर गेली आहे, यातलं काही तिथे निघत नाही. डॉक्टर जे ऐकतात आणि तपासतात तेच लिहितात. एएफएमएसएफ-१६ नावाच्या त्या कागदात प्रत्येक अपंगत्वाला वेगळा रकाना असतो. ते सर्व्हिसमुळे झालं का, सर्व्हिसमुळे वाढलं का, किती टक्के, हे वेगवेगळं लिहितात आणि शेवटी एकत्रित टक्केवारी काढतात. जे त्या कागदावर नाही ते पुढे मागायला गेलात तर ‘तेव्हा का नाही सांगितलं’ हा पहिला प्रश्न येतो.

तर बोर्डाच्या तारखेआधी कानाची तपासणी करून घ्या, डोळ्यांची, कंबरेची आणि मनाचीही. वॉर्डच्या डॉक्टर साहेबांना सांगितलं की ते त्या त्या स्पेशालिस्टकडे पाठवतात. तुम्ही भेटायला जाल तेव्हा दोघांनी मिळून काय काय होतंय ते एका कागदावर लिहा. ते सांगणार नाहीत, पण तुम्ही विचारलंत तर ‘हो’ म्हणतील. तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या. यात तक्रार करण्यासारखं काही नाही, डॉक्टरांना त्याची मदतच होते.

फौजेत राहायचं की घरी यायचं हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो आहे. लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त नसलेल्यांच्या वर्गात, गेलेल्या जवानाला झेपेल असं काम, म्हणजे शेल्टर्ड अपॉइंटमेंट, देऊन ठेवून घेता येतं. स्टोअर, ऑफिस, ट्रेनिंग सेंटर, सिग्नल एक्स्चेंज इथे मी एका पायाने उत्तम काम करणारे गडी पाहिले आहेत. राहिले तर पूर्ण पगार, क्वार्टर, मुलांची शाळा, आणि १५ वर्षं पुरी होण्याची संधी. मात्र ठेवून घेतल्यानंतर मुदत संपवून बाहेर पडलं तर युद्धजखमेचा भाग शंभर टक्क्यांना पूर्ण पगार न धरता पगाराच्या ६० टक्के धरतात, हेही मनात असू द्या. पैशाचा हिशेब दोन्हीकडे मांडता येतो. माझं मत विचाराल तर पाय कापल्यानंतरच्या पहिल्या वर्षात माणसाला स्वतःचा अंदाज येत नाही. तात्पुरती कॅटेगरी मिळत असेल, सिक लीव्ह मिळत असेल तर ती घ्या, आणि कायमचं ठरवणं तेवढं पुढे ढकला. उद्या ठेवून घ्यायला जागा नाही असं सांगितलं, तरी नुसत्या ऑर्डरवर घरी पाठवता येत नाही. २००८ मध्ये राजपाल सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की लो कॅटेगरीच्या जवानाला त्या कारणाने काढायचं तर इन्व्हॅलिडिंग बोर्ड, म्हणजे अनफिट ठरवणारा मेडिकल बोर्ड, झालाच पाहिजे.

एक सावधगिरी. वॉर्डात, गावात, माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो सल्ला मिळतो तो बरेचदा जुन्या नियमांचा असतो. अपंगत्वाच्या हक्काचे नवे नियम २१ सप्टेंबर २०२३ पासून लागू झाले. त्यात बोर्ड आऊट झालेला आणि मुदत संपवून निवृत्त झालेला यांच्यातला फरक आणखी वाढला आहे. २०१० मध्ये कोणाला काय मिळालं यावरून आपला निर्णय घेऊ नका.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं म्हणणं जुन्या वळणाचं आहे आणि त्यामागे मुलाचा अभिमान आहे हे मला कळतं. पण त्यांना विचारा, शेताच्या बांधाचा दगड शेजाऱ्याने हातभर आत सरकवला तर तुम्ही बरं दिसत नाही म्हणून गप्प बसाल का? हे पैसे कोणाच्या मेहेरबानीचे नाहीत. पाय गेला त्या दिवशीच कायद्याने ते त्याचे झाले. फक्त कागदावर नीट यायचे आहेत.

आता घरी आल्यानंतरचं.

उपचारांसाठी ईसीएचएस आहे, माजी सैनिकांची आरोग्य योजना, १ एप्रिल २००३ पासून चालू. पेन्शन लागलेल्या माजी सैनिकाला, त्याच्या पत्नीला, मुलांना आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांना ती मिळते. एकदाच वर्गणी भरावी लागते, आणि युद्धजखमेने अपंगत्व आलेल्यांना तीही माफ आहे. म्हणून ‘बॅटल कॅज्युअल्टी’ हा शब्द इथेही लागतो. कार्डाचा अर्ज डिस्चार्जच्या कागदांबरोबरच करा. फौजेच्या हॉस्पिटलचा आधार सुटतो आणि कार्ड हातात नसतं, त्या मधल्या काळात घरातला पैसा खर्च होतो. पद्धत अशी की आधी पॉलिक्लिनिकमध्ये जायचं, तिथून चिठ्ठी घेऊन यादीतल्या हॉस्पिटलात. जीवावर बेतलं असेल तर जवळच्या कुठल्याही हॉस्पिटलात न्या, पण ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवा. नाहीतर बिल अडकतं.

पायाची काळजी मात्र दवाखान्यापेक्षा घरीच जास्त घ्यावी लागते. कापलेला भाग, म्हणजे स्टंप, पहिल्या वर्षभरात आकसत जातो. आज घट्ट बसणारं सॉकेट, म्हणजे नवीन पायाची स्टंपवर बसणारी वाटी, काही महिन्यांनी सैल होतं, मग जवान आत जादा मोजे घालत राहतो आणि ‘चालतंय’ म्हणतो. मोजे वाढत चाललेत असं दिसलं की सॉकेट बदलायची वेळ झाली असं समजा. रोज रात्री पाय काढल्यावर स्टंप उजेडात बघायचा, खालची बाजू आरशात. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही, कातडी ओली राहिली, फोड आला, तर दुसऱ्या दिवशी पाय घालायचा नाही. शेतात चिखलात, पावसाळ्यात हे फार सांभाळावं लागतं. आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून हेच काम करतंय आणि माजी सैनिकांसाठीही ते खुलं असतं, त्यामुळे डिस्चार्ज झाला म्हणून तिथलं नातं तुटत नाही. निघताना तिथल्या केस नंबरची नोंद घरी लिहून ठेवा.

पेन्शन आता स्पर्श या सरकारी पोर्टलवरून येते. तिथे तुमचं नाव, स्पेलिंग, जन्मतारीख, लग्नाची नोंद, मुलांची नावं आधारकार्डाशी जुळतात का ते आत्ताच, सर्व्हिसमध्ये असतानाच तपासा. पार्ट टू ऑर्डरने दुरुस्ती आज सोपी आहे, पुढे फार त्रासाची होते. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा हे विसरू नका. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकाचं ओळखपत्र काढा. राज्य सरकारच्या गट क आणि ड च्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, त्याची माहितीही तिथेच मिळेल. यूडीआयडी हे दिव्यांगांचं कार्ड वेगळं काढावं लागतं. ते सिव्हिल हॉस्पिटलमार्फत होतं, आणि त्यावरची टक्केवारी बोर्डाच्या टक्केवारीपेक्षा वेगळी आली तर घाबरू नका, दोन्हीच्या मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत.

क्लेम नाकारला गेला किंवा टक्के कमी लावले असं वाटलं, तर सहा महिन्यांच्या आत पहिलं अपील करायचं. ते फेटाळलं तर दुसरं. त्यानंतर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल, ज्याचं खंडपीठ मुंबईत आहे. वकील लगेच लागत नाही. बोर्डाच्या कागदांची प्रत मात्र पहिल्या दिवसापासून हवी.

शेवटी त्यांच्या मनाचं. यावर मी डॉक्टर नाही, पण काही गोष्टी वॉर्डावॉर्डांत पाहून माहीत आहेत.

नसलेला पाय दुखतो, खाजतो, कधी अंगठा मुरगळल्यासारखा वाटतो. पुष्कळ जवान हे कोणालाच सांगत नाहीत, कारण त्यांना वाटतं आपलं डोकं फिरलं. तुम्हीच विचारा, ‘तिथे अजून काही जाणवतं का?’ असं सरळ. जाणवत असेल तर सांगा की हे जवळजवळ सगळ्यांनाच होतं, याला नाव आहे, औषध आहे, आरसा समोर ठेवून करायचा व्यायामही आहे. एवढं कळल्यावरच माणूस निम्मा हलका होतो. झोप उडाली असेल, एकदम चिडत असतील, फटाक्याच्या आवाजाला अंग चोरत असतील, तर सायकियाट्रिस्टचं नाव ऐकून ते नको म्हणतील. त्यांना वाटतं त्याने डाग लागतो. टेलिमानस ही मनाच्या आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे. जवानांसाठी तिचा खास विभाग १ डिसेंबर २०२३ पासून पुण्यात एएफएमसी या फौजेच्या मेडिकल कॉलेजात चालू आहे. टेलिमानसचा नंबर १४४१६. फोनवर बोलायचं, कोणी बघत नाही. तुम्हीही लावू शकता, स्वतःसाठीसुद्धा. पण ‘मरून गेलो असतो तर बरं’ असं काही बोलले तर फोनवर थांबू नका, त्याच क्षणी वॉर्डच्या डॉक्टरांना किंवा नर्सिंग अधिकाऱ्याला सांगा.

‘पलटणीत माझं काय काम’ याला समजुतीचं उत्तर देऊ नका. मुरलीकांत पेटकरांची गोष्टही आत्ता सांगू नका. ते आपल्याकडचेच, सांगली जिल्ह्यातले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेतलं. मोठी गोष्ट आहे, पण अंथरुणावरच्या माणसाला मोठ्या माणसाची गोष्ट सांगितली की तो आणखी गप्प होतो. त्यापेक्षा यजमान पुण्यात आहेत तोवर सुट्टीच्या दिवशी त्यांना खडकीला न्या. तिथे बॉम्बे सॅपर्सच्या आवारात आर्मीचं पॅरा खेळांचं केंद्र आहे, जिथे पाय गेलेले जवान रोज सराव करतात. नागालँडचे होकाटो सेमा २००२ मध्ये सुरुंगाने डावा पाय गमावून बसले, गोळाफेक थेट २०१६ मध्ये हातात घेतली, आणि २०२४ ला पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवलं. मधली चौदा वर्षं कोणी त्यांच्याबद्दल लिहीत नव्हतं, ते नोकरी करत होते. खडकीलाच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, १९१७ पासून अपंग सैनिकांना हातात काम शिकवणारी संस्था. तिथे जाऊन नुसतं बसा. कोणीतरी आपणहून विचारेल, ‘कहाँ लगा?’ त्या प्रश्नाचं उत्तर ते नक्की देतील, कारण विचारणाऱ्यालाही लागलेलं असतं. तुम्ही तेव्हा जरा लांब चहाला जा.

आता या आठवड्याचं काम. एक अर्ज करा, यजमानांच्या सहीने, सीओ साहेबांच्या नावे, हिंदीत चालेल. त्यात एवढंच लिहा: अमुक तारखेला एलओसीवर ऑपरेशनल गस्तीत सुरुंग फुटून मी जखमी झालो, माझी नोंद बॅटल कॅज्युअल्टी म्हणून पार्ट टू ऑर्डरमध्ये झाली आहे का ते कळवावं, झाली नसल्यास करावी, आणि जखमेच्या रिपोर्टची व कोर्ट ऑफ इन्क्वायरीची प्रत मिळावी. मी स्वेच्छेने डिस्चार्ज मागत नाही, हे वाक्य शेवटी वेगळ्या ओळीत. एक प्रत हॉस्पिटलच्या ऑफिसात द्या, एक स्पीड पोस्टाने पलटणीला, एक रेकॉर्ड्स ऑफिसला, जिथे जवानाच्या नोकरीच्या नोंदी असतात. हॉस्पिटलच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, आणि उत्तर आलं की त्याची झेरॉक्स मला पाठवा.